काटा-दुरुस्ती, मंगळवार पेठ

वर्षातून एकदा सगळी पेठ माझ्याकडे येते,
तराजू खांद्यावर, वजनं पिशवीत.
शेंगाचटणीवाल्या शांतव्वाचा काटा तिखटानं लाल,
तो पुसताना दहा शिंका ठरलेल्या.
मी पारडी सारखी करतो,
झिजल्या वजनाच्या पोटात शिशाचा थेंब भरतो,
मग साहेब येऊन शिक्का ठोकतात.

किलो म्हणजे किती, हे सरकारनं सांगावं.
यात माझं दुमत नाही.
तेवढं एक नीट सांगितलं म्हणून
तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी
एका काट्यापाशी भांडू तरी शकतात.

पण किलोला किती?
तो आकडा माझ्या काट्यावर नाही ओ.
शांतव्वा सकाळी एक भाव सांगते,
बारापर्यंत कुणी फिरकलं नाही की
स्वतःच दहा रुपयांनी उतरते.
परिपत्रक निघत नाही.

यार्डात भुईकाटा तपासायला गेलो होतो,
आदल्या रात्री कांद्याच्या निर्यातबंदीची बातमी आलेली.
तीच गोणी, तेच बावन्न किलो,
काटा केसभर हलला नव्हता.
महिबूब हमाल म्हणाला,
'मिस्त्री, वजन तेवढंच हाय,
पर गोणी हलकी लागतीया.'

नळाला पाचव्या दिवशी पाणी. पट्टी ठरलेली, स्वस्त.
टँकरवाला कल्लप्पा फोन केला की हजर.
बायको त्याला लुटारू म्हणते
आणि त्याचा नंबर
देवघराच्या फळीवर खडूनं लिहून ठेवते.

शेजारच्या नरसिम्लू बुरानं
टॉवेलचे दोन माग अनुदानावर घेतले.
अनुदान तिसऱ्या वर्षी आलं.
तोवर एक माग भंगारात गेला होता;
भंगार माझ्याच काट्यावर मोजलं,
एकही किलो कमी भरला नाही.

हे सगळं मी टपरीवर बोलतो.
'बाजाराला मोकळं सोडा की ओ,
माणसांना आपलं आपण कळतं.'
लोक माना डोलावतात,
चहाचे पैसे मात्र मलाच द्यावे लागतात.

मग गड्ड्याची यात्रा उठली आणि
समोरच्या फुटपाथवर एक पोरगा बसला.
मुजम्मिल. पोत्यावर उघडे इलेक्ट्रॉनिक काटे,
हातात डाख द्यायची गरम सळई.
माझ्या अर्ध्या पैशात.
परवाना नाही.

शांतव्वानं जुना काटा मोडीत घातला,
नवा घेतला, बिघडला, त्याच्याकडे गेली.
माझ्या दुकानावरून गेली. 'बरं हाय का मिस्त्री' म्हणाली.

त्या रात्री मी अर्ज लिहिला.
विनापरवाना दुरुस्ती, ग्राहकांचे हित, योग्य ती कारवाई.
'हित' हा शब्द फार सुंदर अक्षरात आला.
हात थरथरला नाही, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी चटणी घ्यायच्या निमित्तानं
खिशात माझी शिक्क्याची वजनं घेऊन गेलो.
किलो ठेवला: एक, शून्य, शून्य, शून्य.
अर्धा ठेवला. दोनशे. पन्नास.
चुकावा म्हणून थोडा कडेला ठेवला.
चुकला नाही.
शांतव्वा माझ्याकडे बघत होती,
पावशेर चटणी बांधली, एक चमचा वर घातला.

अर्ज अजून सोन्याच्या काट्याच्या पारड्यात आहे.
चार ग्रॅम, सहाशे ऐंशी मिलिग्रॅम.
साहेब परवा येणार आहेत.

आज सकाळी पोरगा रस्ता ओलांडून आला,
चपला दुकानाबाहेर काढल्या.
'चाचा, तुमचं किलोचं वजन देता का तासभर?
माझं घरचं आहे, शिक्क्याचं नाही.
भाडं देतो.'

पितळेचं ते वजन मी हातात घेऊन बसलो.
चाळीस वर्षं दुसऱ्यांचे भाव ऐकले,
याचा भाव काय सांगावा
ते सुचेना.